गुऱ्हाळ टिकते कशावर?



एरवी या पानावर मी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा असे काहीबाही लिहीत असतो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. वाचून काही मंडळी म्हणतील, "ऊस विकास अधिकाऱ्याला झालंय तरी काय? पगार कारखान्याचा आणि लेख गुऱ्हाळावर!" म्हणून आधी कारण सांगतो.

गेल्या हंगामाच्या अखेरीस एक तरुण सभासद गट ऑफिसला आला. वडिलांच्या नावचा शेअर नुकताच त्याच्या नावावर चढलेला. पाच-सहा वर्षे शहरात नोकरी करून तो गावी परतला आहे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाला, "साहेब, विहिरीजवळ एक लहानसं गुऱ्हाळ घालावं म्हणतोय. पावडर नाही, विकतचं जळण नाही. आपल्या मळ्यात राहायचं, आपल्याच उसाचा गूळ करायचा, चार माणसांच्या हाताला काम द्यायचं. एक-दोन वर्षांचा हौसेचा धंदा नको, पोराबाळांपर्यंत चालला पाहिजे. तुमचा सल्ला काय?"

अधिकारी म्हणून पहिले उत्तर माझ्याजवळ तयार होते. नोंदलेला ऊस कारखान्याचाच, त्याला फाटा देता येणार नाही. तो म्हणाला, "ते मला ठाऊक आहे साहेब. नोंदीबाहेरच्या एका एकराचं बोलतोय." आणि तसाच बसून राहिला. त्याला दुसरे उत्तर हवे होते. ते माझ्या घशात अडकले होते. कारण आमच्या घरचे गुऱ्हाळ चांगले तीन पिढ्या चालले आणि माझ्या डोळ्यांदेखत बंद पडले. ते बंद पडण्यात माझाही हात होता. त्या दिवशी मी त्याला निम्मेच सांगितले. उरलेले आज सगळ्यांसमोर लिहितो.

बाहेरून येत होते तरी काय?

आमचे गाव पंचगंगेच्या काठचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, तिथे गुळाचा व्यापार वाढला आणि या भागात मळ्यामळ्याला गुऱ्हाळे उभी राहिली. आमच्या आज्ज्याच्या वेळी बैलांचा चरक होता. मला कळू लागले तेव्हा इंजिनावरचा घाणा आला होता. पण बाकीची मांडणी जुनीच होती.

दिवाळी झाली की चुलवाण सारवले जाई, काहील घासून पालथी पडे, आणि गुळवेमामा आपली वळकटी घेऊन हजर होत. त्यांचे नाव गावात कुणी घेत नसे, सगळ्यांचे ते गुळवेमामाच. शिक्षण म्हणाल तर सहीपुरते. पण आमच्या घरात त्या चार महिन्यांत त्यांचा शब्द आबांच्याही वर असे. पहाटे ऊस यायचा. पाला, वाढे आणि मुळ्यांची माती काढून साफ केलेलाच ऊस घाण्याला लागे. आदल्या दिवशी तोडलेला ऊस दिसला की मामा कपाळाला आठ्या घालत. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटते आणि गुळाला दाणा धरत नाही, हे मी पुढे पदविकेच्या वर्गात शिकलो. मामांना ते आधीच माहीत होते.

रस काहिलीत पडला की पहिला जाळ मंद. रस कोमट झाला की वर मळी येऊ लागते. मग रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजवलेला चिकट रस काहिलीत सोडायचा. साधारण हजार लिटर रसाला दोन किलो खोडे पुरतात. तो चिकटा रसातला सगळा गाळ पोटाशी धरून वर येतो. मामा झाऱ्याने मळी काढत, अगदी निगुतीने, रस ढवळू न देता. जोडीला चुन्याची निवळी, तीही बेताने. चुना जास्त झाला की गूळ काळसर होतो, कमी पडला की मऊ राहतो. पुढे जाळ वाढवायचा. फेस काहिलीच्या काठाशी आला की चमचा-दोन चमचे शेंगतेल शिंपडायचे, फेस खाली बसतो.

शेवटची दहा मिनिटे कुणी बोलायचे नाही. मामा थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी करत आणि ती भांड्याच्या काठावर टाकून आवाज ऐकत. टणक आवाज आला की एकच हाक, "उतरा!" माझ्याजवळ पुढे थर्मामीटर आला. तेव्हा मोजून पाहिले, तर मामांची गोळी वाजे तेव्हा पारा ११८ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असे. मग पाक वाफ्यात ओतून घोटायचा आणि फडके घातलेल्या बादल्यांत भरायचा. एका आधणाला तीस-तीस किलोचे सहा-सात रवे पडत.

आता या सगळ्यात बाहेरून येत होते काय? चुन्याची पुडी, अंगाखालचे तेल, इंजिनाचे डिझेल. बस्स! ऊस आपला. भेंडी बांधावरची. जळण म्हणजे उसाचेच चिपाड. चुलीतली राख शेतात. मळी उकिरड्यात, तिथून तीही शेतात. वाढे जनावरांना. गुऱ्हाळ म्हणजे मळ्याचाच एक अवयव होता. मळ्यातून निघाले ते मळ्यातच फिरत होते, आणि बाजाराला जात होता फक्त गूळ.

जळणाचा जमाखर्च

गुऱ्हाळ टिकते की मोडते हे गुळाच्या दरावर ठरते, असे बहुतेकांना वाटते. माझा अनुभव सांगतो, आधी ते चिपाडावर ठरते. हिशोब साधा आहे.

एक टन ऊस गुऱ्हाळाच्या घाण्यातून काढला की ६०० ते ६५० किलो रस निघतो. उरते ते ३५० ते ४०० किलो ओले चिपाड. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. उन्हात कडकडीत वाळवले की हातात राहते ते दोनशे किलोच्या आसपास. रसाचा गूळ होतो साधारण ११० किलो. म्हणजे टनामागे सुमारे ५०० किलो पाणी वाफ करून घालवायचे आणि त्यासाठी जळण आपल्याजवळ दोनशे किलो. चुलवाण चांगले असेल आणि चिपाड वाळलेले असेल, तर एवढ्यात आधण पार पडते, वर पेंढी-दोन पेंढ्या शिल्लकही राहतात. पण या हिशोबात सढळपणा मुळीच नाही. कुठे जरा ढिलाई झाली की जळण अपुरे पडलेच म्हणून समजा.

ओले चिपाड चुलीत घातले तर काय होते? चुलीला आधी त्या चिपाडातले पाणी उकळावे लागते. मग उरलेली धग काहिलीला मिळते. जळण दीडपट लागते आणि जाळ मात्र मरगळलेला. काळा धूर निघतो तो आपलेच न जळलेले जळण असते, धुराड्यातून वाया चाललेले.

म्हणून आमच्या खळ्यात चिपाड वाळवणे हे घाण्याइतकेच मोठे काम होते. आई आणि चुलत्या सकाळी चिपाड पसरत, दुपारी दाताळ्याने उलटत, संध्याकाळी गोळा करून गंजी रचत. थंडीच्या उन्हात दोन-तीन दिवस लागत. मामांचा नियम होता: खळ्यात जेवढे वाळेल तेवढीच आधणे घालायची. दिवसाला चार. ऊस तयार असला, गिऱ्हाईक दारात बसले असले, तरी पाचवे नाही.

मला तो नियम तेव्हा अडाणीपणाचा वाटे.

आमचे गुऱ्हाळ कसे मोडले

कृषी पदविका घेऊन मी २००१ साली घरी आलो. डोक्यात नव्या कल्पना. आबांच्या मागे लागून कर्ज काढायला लावले आणि विजेवरचा मोठा घाणा बसवला. रस भराभर निघू लागला. कर्जाचे हप्ते भरायचे तर चार आधणे पुरेनात. सहा झाली, मग रात्रपाळी धरून सात. घाणा वाढला. पण खळे तेवढेच, ऊन तेवढेच आणि चिपाड वाळवणाऱ्या बायाही तेवढ्याच. हे काही माझ्या लक्षात आले नाही.

पहिल्या हंगामात मागच्या सालची गंजी होती, ती जळाली. दुसऱ्या हंगामात, २००२ साली, लोकरी माव्याने या पट्ट्यातला ऊस खाल्ला. पानावरचा तो पांढरा कापूस जुन्या सभासदांना आठवत असेल. रस पातळ पडू लागला, म्हणजे तेवढ्याच गुळाला जास्त पाणी आटवणे आले. चिपाड संपले. बांधावर आज्ज्याने वाढवलेल्या बाभळी होत्या. नांगराच्या इसाडाला, कुळवाच्या दिंडाला लागेल तसे एखादे खोड काढायचे, अशी रीत. त्या हंगामात अकरा बाभळी चुलीत गेल्या.

तरी ओल्या जळणाचा जाळ तो मंदच. मंद जाळावर रस तासन्‌तास रटरटत राहतो, साखर करपते आणि गुळाचा रंग उतरतो. पेठेत पिवळ्याधमक रव्याला बोली चढते, काळपट रव्याकडे व्यापारी बघतही नाही. दर पडला. मग मी काय केले? चुलीचा दोष रंगाने झाकला. सोडियम हायड्रोसल्फाईटची पावडर, आपण हायड्रॉस म्हणतो ती आणली. चिमूटभर टाकली की गूळ सोन्यासारखा पिवळा! महिनाभर आम्ही खुशीत होतो. पुढे पावसाळ्यात तेच रवे पाझरू लागले, काळे पडले. अडत्याने वीस रवे परत पाठवले. गंधकाचा तो अंश लोकांच्या पोटात गेला तो वेगळाच.

मामा मला एकदाच म्हणाले होते, "बाळ, रंग ही चुलीची कमाई हाय. पुडीतनं आणलेला रंग टिकायचा न्हाई." मी हसलो होतो.

२००३ च्या जानेवारीत एका रात्री अवकाळी पाऊस आला आणि खळ्यातले सगळे चिपाड भिजले. तोडलेला ऊस घाण्याजवळ पडलेला, मजूर बसून, हप्त्याची तारीख तोंडावर. मी ट्रॅक्टर घेऊन शहरात गेलो आणि जुन्या टायरांची ट्रॉली भरून आणली. स्वस्त मिळाली. कुणी मला सांगितले नव्हते, माझेच डोके.

टायर पेटला तो असा, की ज्वाळा चुलवाणाच्या तोंडाबाहेर आल्या. मग एकदम बसला. पुन्हा दुसरा टाकला, पुन्हा भडका. काहिलीतला रस एका बाजूने करपतोय आणि दुसऱ्या बाजूने कच्चा. मामांनी दोन आधणे कशीबशी उतरवली. तिसऱ्याला त्यांनी झारा धुतला, भिंतीला टेकवून ठेवला आणि आबांना म्हणाले, "पाटील, ह्या जाळाची मला पारख न्हाई. मी निघतो." आबा काहीच बोलले नाहीत. मामांनी वळकटी उचलली. हंगामाचा हिशोबही त्यांनी मागितला नाही, तो आबांनी दुसऱ्या दिवशी घरी नेऊन दिला.

शेजारच्या मळ्यातल्या मेथीवर काजळी बसली. शेजारी भांडले नाहीत, नुसती जुडी आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवली. त्या हंगामात आईला खोकला लागला, तो उन्हाळा आला तरी हटला नाही. मामांच्या जागी दुसरा गुळव्या आणला, मग तिसरा. २००५ साली घाणा विकला, काहील मोडीत घातली. कर्ज फिटायला दोन म्हशी गेल्या. मी ॲग्री ओव्हरसिअर म्हणून नोकरीला लागलो.

पुष्कळ दिवस मी लोकांना सांगत होतो की गुऱ्हाळ दर न मिळाल्याने बंद पडले. ते खरे नव्हे. ज्या दिवशी घाणा खळ्यापेक्षा मोठा झाला, त्याच दिवशी ते मोडायला लागले होते. खळे पुरेना म्हणून चिपाड ओले, चिपाड ओले म्हणून जाळ मंद, जाळ मंद म्हणून गूळ काळा, गूळ काळा म्हणून पावडर. आणि एवढे करून जळण पुरेना म्हणून आधी बाभळी, मग टायर. एका कडीला दुसरी कडी.

आज घालायचे तर

त्या तरुण सभासदाला आणि त्याच्यासारखा विचार करणाऱ्यांना माझे सांगणे असे:

१. नोंदीचा ऊस कारखान्याचाच. आपण सभासद म्हणजे मालक. आपल्याच गिरणीचा ऊस आपणच पळवायचा नाही. गुऱ्हाळाला ऊस हवा असेल तर तेवढे क्षेत्र सुरुवातीपासून नोंदीबाहेर ठेवा आणि गट ऑफिसला तसे सांगा.

२. आधी खळे मोजा, मग घाणा घ्या. तीन दिवसांचे चिपाड एका वेळी पसरता आले पाहिजे, आणि पावसापासून झाकायला एक छप्पर पाहिजे. जेवढे वाळते तेवढीच आधणे. पहिल्या हंगामात निदान आठ दिवसांची वाळलेली गंजी शिल्लक ठेवून बंद करा. पुढच्या हंगामाची सुरुवात तिच्यावर होते.

३. चुलवाणावर खर्च करा. रंगरंगोटीवर नको. खालून हवा खेळायला जाळी, राख काढायला वाट, नीट ओढ असलेले धुराडे. आपल्याकडे एका चुलवाणावर एकच काहील असते आणि पुष्कळशी धग धुराड्यातून निघून जाते. उत्तर प्रदेशात एकामागे एक दोन-तीन कढया ठेवून मागच्या कढईत पुढच्या आधणाचा रस तापवून घेतात. तेवढेच जळण वाचते. कोल्हापूरला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. चुलवाण बांधण्याआधी तिथे एक चक्कर मारा.

४. गूळ शेतात तयार होतो. को ९२००५, कोसी ६७१ या जाती गुळाला चांगल्या, को ८६०३२ चाही गूळ बरा होतो. खारपड जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि टिकत नाही, तिथे हा नाद करू नका. मोठ्या बांधणीनंतर युरिया टाकत बसू नका. उशिराच्या नत्राने ऊस हिरवा दिसतो, पण गूळ मऊ पडतो. तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडा. पक्व ऊसच तोडा आणि त्याच दिवशी गाळा.

५. भेंडी जूनमध्येच बांधावर लावा. हंगामात धावाधाव करून भेंडी मिळत नाही, आणि भेंडी नसली की हात पुडीकडे जातो. रानभेंडी नसेल तर भाजीच्या भेंडीची खोडेही चालतात.

६. माणसे सांभाळा. घाण्याच्या पट्ट्याला आणि गिअरला जाळी बसवा. ऊस सारता सारता हात आत गेलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. काहिलीच्या काठाला उंच ओटा ठेवा. मजुरांना पक्के छप्पर, प्यायचे पाणी, संडास द्या, त्यांची पोरे शाळेत जातील असे बघा. गुळव्याला सालदारासारखे वागवू नका. त्याचा शब्द शेवटचा, असे आधीच ठरवा. आणि घरच्या एका तरी पोराला त्याच्या हाताखाली उभे करा. गोळीचा आवाज पुस्तकातून शिकता येत नाही.

७. विक्री आधी ठरवा. पावडर न घातलेला गूळ तांबूस-तपकिरी होतो. मोठ्या पेठेच्या लिलावात त्याला पिवळ्याशी झुंजावे लागते. म्हणून एक किलो, अर्धा किलोच्या ढेपा करा, काकवी भरा, ओळखीची गिऱ्हाइके जोडा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव राखायचे तर माल तसा हवा. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी काढा. पावसाळ्यात गुळाला ओल धरते, म्हणून दसऱ्यापर्यंत विकता येईल तेवढाच करा.

८. कर्ज काढायचे तर चार आधणांच्या मिळकतीवर हप्ता बसेल एवढेच काढा. सातव्या आधणावर हप्ता बसवलात तर पाऊस आलेल्या रात्री तुम्हीही ट्रॉली घेऊन शहरात जाल. मी गेलो होतो.

यात श्रीमंत होण्याचा मार्ग एकही नाही. लहान गुऱ्हाळातून घर चालते, चार माणसांना चार महिने काम मिळते आणि जमिनीला तिचे तिला परत जाते. ज्याला एवढ्यात समाधान आहे त्यानेच यात पडावे.

आणि ज्यांना गुऱ्हाळ घालायचे नाही त्यांनी

सभासद बंधूंनो, हा लेख आपल्या कामाचा नाही असे समजून पान उलटू नका. आपला कारखाना म्हणजे तरी काय? मोठे गुऱ्हाळच. बगॅस बॉयलरला जाते, त्यावर मिल फिरते. प्रेसमड आपल्या शेतात परत येते. कारखान्याचे इंजिनिअर बगॅसमधल्या ओलीवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवतात, ती याच हिशोबासाठी. मामांचा आणि त्यांचा हिशोब एकच.

पण आपल्या शेताचे चिपाड कोणते? पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते आणि तोड झाली की आपण संध्याकाळी काडी लावून मोकळे होतो. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र आणि ०.७ ते एक टक्का पालाश असते, शिवाय भरपूर सेंद्रिय कर्ब. ते जाळायचे आणि मग खताच्या पोत्यासाठी रांगेत उभे राहायचे. मी टायर आणले, त्यातलाच हा प्रकार. घरचे उधळायचे आणि बाहेरून विकत आणायचे. खोडव्यात पाचट सरीत दाबा. टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाका, वर पाणी द्या. दोन पाणी वाचतील आणि तण दबेल ते वेगळेच.

शेवटी एवढेच. परवा फिरतीवर असताना त्या तरुण सभासदाच्या मळ्यात थांबलो. चुलवाणाचा पाया भरून झाला होता. घाणा अजून आणलेला नाही. खळे मात्र शेणाने सारवून चकचकीत, आणि त्याच्या कडेने दोरी लावून तो लांबी-रुंदी मोजत होता. मी विचारले, "किती आधणं?" तो म्हणाला, "तीन. पहिल्या वर्षी तीनच." मी सोबत नेलेली रानभेंडीच्या बियांची पुडी त्याच्या हातावर ठेवली.

गुळवेमामा आता नाहीत. त्यांचा झारा आमच्या घरी आहे, भिंतीला तसाच टेकवलेला. चुलवाण पेटेल त्या दिवशी तो मी त्या मळ्यात नेऊन देणार आहे.

ज्यांना या बाबतीत आणखी काही विचारायचे असेल त्यांनी सोमवारी शेतकी ऑफिसला सकाळी भेटावे. पाचटासाठी जिवाणू संवर्धनाची मागणी गट ऑफिसमध्ये नोंदवावी. कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी